मदत हवी आहे: तळघरातली ओल आणि वरच्या बाथरूमची गळती (नाशिक, उंटवाडी)

नमस्कार मंडळी,

आमचा बंगला उंटवाडीत, नासर्डीपासून (आता नंदिनी म्हणतात) फार लांब नाही. सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, १९९४ साली बांधला. तळमजला, वर एक मजला, आणि खाली १२ बाय १४ फुटांचं तळघर. तळघर साधारण साडेपाच फूट जमिनीत आहे, बाकी वर. रस्त्याच्या बाजूला दोन झरोके आहेत.

हे तळघर सासूबाईंच्या वाळवणांचं. गेली वीस वर्षं त्या मार्च ते मे गच्चीवर कुरडया, उडदाचे पापड, सांडगे, साबुदाण्याच्या चकल्या घालतात, डब्यांत भरून खाली ठेवतात आणि ओळखीच्या घरांना वर्षभर देतात. त्यांचं वय आता ७१. गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही ११ किलो कुरडया फेकून दिल्या. झाकण उघडलं तर हिरवट बुरशी आणि कुबट वास. आई काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी गच्चीवरच्या खाटा घडी करून ठेवल्या. यंदा मी आग्रह करून पुन्हा घालायला लावल्या. आता जुलै लागलाय आणि माझी झोप उडाली आहे.

फोटो चढत नाहीत, म्हणून शब्दांत सांगते.

तळघराची पूर्वेकडची भिंत: खालून तीन-साडेतीन फुटांपर्यंत प्लास्टर फुगलंय. पांढरी पूड धरते, झाडली की आठ दिवसांत परत येते. आई त्याला लोणा म्हणतात. हात लावला तर गार आणि ओलसर. दिवाळीनंतर जरा कमी होतं, पण एप्रिलमध्येसुद्धा तो कोपरा पूर्ण सुकत नाही.

उत्तरेकडची भिंत: उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी. पाऊस सुरू झाला की सबंध भिंतीवर बारीक दव धरल्यासारखं होतं, फरशीही चिकट लागते. पूड नाही, फुगवटा नाही, फक्त काळे ठिपके.

वरच्या मजल्यावरचं बाथरूम: त्याच्या खाली जिन्याजवळच्या छतावर ताटाएवढा पिवळा डाग आहे. हा डाग पावसाळ्याशी संबंधित वाटत नाही, बाराही महिने आहे. मध्यंतरी आम्ही सगळे आठ दिवस गावाला गेलो होतो, परत आलो तेव्हाही तो ओलाच होता. पाइप भिंतीत गाडलेले, बहुधा मूळचे लोखंडी जीआय.

आजवर काय केलं? तीन वर्षांपूर्वी पूर्वेच्या भिंतीला आतून पुट्टी आणि ‘ओल-रोधक’ म्हणून मिळणारा रंग लावला, ३८ हजार गेले. एका पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे निघाले आणि ओल आधी दोन फुटांपर्यंत होती ती वर चढली. आता तिघांनी पाहून सांगितलंय. एक म्हणतो भिंतीत भोकं पाडून केमिकल भरू, १ लाख ८० हजार. दुसरा म्हणतो बाहेरून खणून शहाबादी फरशीचं बॉक्स वॉटरप्रूफिंग, म्हणजे भिंतीला बाहेरून फरशीचं पाणबंद आवरण. तिसरा म्हणतो आतून टाइल लावून टाका, दिसणारच नाही. बाथरूमबद्दल तिघांचंही एकच: सगळं फोडा.

पैसे आम्ही घालू, हळूहळू का होईना. पण पाणी कुठून येतंय हे तिघांपैकी एकानेही शोधलं नाही. मला ते आधी कळायला हवंय. ते कसं शोधायचं? आणि कुठल्या क्रमाने?

— उंटवाडीकर

जुनी पंचवटी
ताई, टाइल लावू नका, एवढं नक्की सांगतो. आमचा वाडा दगड-चुन्याचा होता. भावाने १९९८ साली आतून सिमेंटचं प्लास्टर करून वर ऑइलपेंट दिला. चुन्याची भिंत ओल शोषते आणि हवेत सोडते. तो रस्ता बंद केल्यावर पाणी आतल्या आत वर चढत गेलं आणि चार वर्षांत माळ्याच्या तुळईचं टोक कुजलं. तुमची भिंत विटांची असली तरी गोष्ट तीच. तुमच्याकडे दोन फुटांची ओल साडेतीन फुटांवर गेली ती त्या रंगामुळेच. कुरडयांचं वाचून वाईट वाटलं. आमची आईही घालायची.

ओळंबा
३१ वर्षं साइटवर काढली, त्यातली बरीच नाशिकमध्ये. तुम्ही वर्णन इतकं नीट केलंय की निम्मं उत्तर त्यातच आहे. तुमच्या घरात एक ओल नाही, तीन वेगवेगळ्या आहेत, आणि एका औषधाने तिन्ही जाणार नाहीत.

उत्तरेची भिंत आधी घेतो, ती सोपी आहे. पूड नाही, फुगवटा नाही, फक्त पावसाळ्यात सबंध भिंतीवर दव. हे बहुधा जमिनीतलं पाणी नाही, हवेतलं आहे. तळघराची भिंत मातीला टेकलेली, म्हणून गार राहते. बाहेर हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर २५ अंशांच्या भिंतीवर तिचं पाणी होतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसंच. आणि तुम्ही, मला खात्री आहे, कुबट वास जावा म्हणून पावसाळ्यात झरोके उघडे ठेवता. त्यातूनच ती हवा आत येते.

खात्री करून घ्या. स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचा दीड फुटाचा चौकोन दोन्ही भिंतींवर लावा, चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा, ४८ तास ठेवा. (पूड असेल तिथे पट्टी धरत नाही, आधी कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुऊ नका, क्षार पाण्यात विरघळून परत भिंतीत जातात.) थेंब फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतली ओल, भिंतीकडच्या बाजूला आले तर भिंतीतून.

आता पूर्वेची भिंत. तुम्ही लिहिलंय, एप्रिलमध्येही कोपरा सुकत नाही. मी तिथेच अडकलो. एप्रिलपर्यंत आपल्याकडची काळी माती भेगाळलेली असते. पावसाचं किंवा नदीचं पाणी असतं तर तोवर ती भिंत बरीच सुकायला हवी होती. मग उन्हाळ्यात त्या कोपऱ्याला पाणी कोण पाजतंय? त्या भिंतीच्या बाहेर काय आहे ते सांगा. बाग, चेंबर, गच्चीचा पाइप, आणि मुख्य म्हणजे तुमची जमिनीखालची पाण्याची टाकी कुठे आहे?

उंटवाडीकर
काका, वाचून अंगावर काटा आला. टाकी तिथेच आहे. पूर्वेच्या भिंतीपासून जेमतेम तीन फुटांवर, पोर्चखाली. ८ बाय ६ फूट, अप्पांनी घराबरोबरच बांधलेली. मनपाचं पाणी त्यात पडतं आणि मोटरने वर चढतं. कडेने कढीपत्ता आणि अनंताचा वाफा आहे, त्याला रोज पाणी घालतो. गच्चीचा एक पाइपही त्याच कोपऱ्यात उतरतो, पाणी थेट प्लिंथच्या (जोत्याच्या) कडेला पडतं. तिथला कोबा तडकलाय.

आणि हो, झरोके उघडेच असतात. मीच उघडते, रोज सकाळी.

पाणाड्या
टाकीचं काम आजच रात्री करून बघा. टाकी भरून घ्या, येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद, मोटर बंद, पातळीवर खडूने खूण. सकाळी मोजा.

बाथरूमबद्दल: इतक्यात काही फोडू नका. गच्चीच्या टाकीतून त्या बाथरूमला उतरणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा आणि आठ-दहा दिवस ते बाथरूम वापरूच नका. तुम्ही गावाला गेलात तेव्हा डाग ओलाच राहिला, पण तेव्हा गच्चीच्या टाकीचं पाणी लाइनमध्ये होतंच. घरात कोणी नसलं तरी फुटक्या पाइपातून ते गळत राहतं. व्हॉल्व्ह बंद ठेवून डाग फिका पडला तर दोष पाण्याच्या लाइनमध्ये. १९९४ चे जीआय पाइप, त्यातही गीझरच्या गरम पाण्याचा, आतून गंजले असणार. मग बाथरूम न फोडता बाहेरून नवी सीपीव्हीसीची (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकची) लाइन घेऊन जुनी कायमची बंद करता येते.

डाग तसाच राहिला तर नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या) भोकात कपड्याचा घट्ट बोळा, जमिनीवर इंचभर पाणी, त्यात होळीचा रंग, २४ तास. खाली रंग उतरला तर फरशीचे सांधे. नाही उतरला तर बोळा काढून दुसऱ्या रंगाचं पाणी ट्रॅपमध्ये ओता. एक सांगून ठेवतो, जुन्या बाथरूमच्या खाली सखल स्लॅब असतो, त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा. तो स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो आणि गळती थांबल्यावरही कित्येक दिवस खाली सोडत राहतो. म्हणून दोन दिवसांत निकाल लावू नका.

सिन्नरकर
मला वाटतं एवढ्या चाचण्यांत पावसाळा जाईल. आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगच्या तळघरात इंजेक्शन ग्राउटिंग (भिंतीत भोकं पाडून दाबाने केमिकल भरणं) केलं, गळती त्याच आठवड्यात थांबली. सरळ तेच करा.

ओळंबा
सिन्नरकर, तुमच्याकडे आरसीसीची भिंत असणार आणि पाणी एखाद्या भेगेतून किंवा सांध्यातून येत असणार. तिथे इंजेक्शन हा योग्यच इलाज. ताईंकडे विटांची भिंत आहे आणि ती सबंध झिरपतेय, भेग नाही. आणि टाकी गळत असेल तर भिंतीच्या मागे पाणी साचून उभं राहतं. एक मीटर उंच पाणी तळाशी प्रत्येक चौरस मीटरवर एक टन दाब देतं. एका जागी बुजवलं तर ते शेजारून वाट काढेल. आधी मागचं पाणी काढायचं, मग भिंतीला हात लावायचा.

उंटवाडीकर
सगळ्यांना आधी मनापासून धन्यवाद. दहा दिवसांनी लिहितेय, कारण पाणाड्या म्हणाले तसं थांबले.

टाकी: रात्री १० ते सकाळी ६, पातळी २ इंच खाली. माझा मुलगा गणित करून म्हणाला, आई, हे ८ घनफूट, म्हणजे सव्वादोनशे लिटर. रोज रात्री एवढं पाणी आमच्याच पैशाने आमच्याच भिंतीत जात होतं. दुसऱ्या रात्री परत मोजलं, तेवढंच. तिसऱ्या दिवशी टाकी रिकामी केली. घराकडच्या बाजूला तळाच्या कोपऱ्यात प्लास्टर सुटलंय आणि करंगळी जाईल एवढी फट आहे. सध्या मनपाचं पाणी पोर्चमध्ये ठेवलेल्या प्लास्टिकच्या टाकीत घेतोय.

फॉइल: पूर्वेला भिंतीकडच्या बाजूला थेंब, उत्तरेला खोलीकडच्या बाजूला. काकांनी सांगितलं तसंच, जसंच्या तसं. झरोके बंद केले. घड्याळासारखं एक छोटं आर्द्रतामापक आणलं. पहिल्या दिवशी ८८ दाखवत होतं. भाड्याने डीह्युमिडिफायर लावला, तो दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी काढतो. आकडा आता ६२ वर आहे आणि उत्तरेची भिंत कोरडी आहे. कोरडी! मी हात फिरवून आईंना बोलावून दाखवली.

गच्चीच्या पाइपाला एल्बो लावून १० फूट लांब गेटजवळच्या गटारात सोडला, ९०० रुपयांत. अनंताचा वाफा हलवताना वाईट वाटलं, तो अप्पांनी लावलेला. कुंडीत घेतलाय, जगेल असं वाटतंय.

बाथरूम: लाइन बंद केल्यावर सातव्या दिवशी डाग कडेने फिका पडायला लागला, आज मधोमध फक्त वाटीएवढा उरलाय. म्हणजे पाइप. फोडाफोड नाही.

वाळवणाचे सगळे डबे वर देवघराशेजारच्या खोलीत हलवलेत. दोन डबे उघडून पाहिले, कुरडया वाजतायत.

आता दोनच प्रश्न. टाकी दुरुस्त करायची की तिथली बुजवून घरापासून लांब नवी बांधायची? आणि पूर्वेच्या भिंतीचं प्लास्टर कधी करायचं? गवंडी म्हणतो पुढच्या आठवड्यात.

ओळंबा
गवंड्याला थांबवा. फुगलेलं प्लास्टर ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत काढून टाका, विटा उघड्या राहू द्या, पूड येईल ती कोरड्या ब्रशने झाडत राहा. जाड भिंत सुकायचा साधारण अंदाज इंचाला एक महिना असा धरतात. तुमची ९ इंची असेल तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागेल. त्यानंतरही जिप्समची पुट्टी नको, ती ओलीत विरघळते. ऑइलपेंटही नको.

टाकी तीन फुटांवर आहे, मी असतो तर लांब नवी बांधली असती. खर्च झेपत नसेल तर सुटलेलं प्लास्टर पूर्ण काढा, फट खोलवर कापून भरा, चारही कोपरे गोलाकार भरून घ्या आणि पिण्याच्या पाण्याला चालणारं लेपन दोन हात द्या. मग परत खडूची खूण करून ४८ तास मोजा. मोजल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

उंटवाडीकर
नवीच बांधतो काका, गेटच्या बाजूला. दिवाळीनंतर खणायला घेऊ. जुनी टाकी मुरूम घालून बुजवायची की रिकामी तशीच ठेवायची, तेवढं सांगा. आणि सिडको, इंदिरानगर भागात टाकीचं काम स्वतः उभं राहून करणारा कोणी मिस्त्री माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आईंनी काल विचारलं, मार्चमध्ये उडीद किती आणायचे.