स्पीकर पारखायला आपलं गाणं लावावं की 'टेस्ट ट्रॅक'?

खर्जप्रेमी
गेल्या महिन्यात स्पीकरची जोडी घ्यायची म्हणून एका दुकानात गेलो. विक्रेत्याने स्वतःच्या यादीतलं गाणं लावलं: एक बाई, एक गिटार, मागे हळुवार बेस. पहिली जोडी सुरेख वाजली. दुसरीही. तिसरीही! मग माझा पेनड्राइव्ह दिला. त्यात भीमसेनजींच्या मैफलीचं एक ध्वनिमुद्रण होतं. पहिल्या जोडीवर डग्गा नुसता 'धब्ब' वाजला. दुसरीवर मात्र तबलजी मनगट शाईकडे रेटून जी मींड काढतो, तो स्वर वर चढताना स्पष्ट ऐकू आला. त्या तीन जोड्यांत फरक आहे हे मला तेव्हा कुठे कळलं.

माझं मत ठाम आहे. जे वाद्य आपण माइकशिवाय, चार हातांवरून ऐकलंय, त्याच्याच ध्वनिमुद्रणावर स्पीकर पारखावा. तबला, तानपुरा, गळा. जगभर गाजलेले टेस्ट ट्रॅक, म्हणजे स्पीकर तपासायला लावतात ती ठरावीक गाणी, मुळात कसे वाजायला हवेत हे आपल्याला माहीतच नसतं, मग बरोबर-चूक ठरवणार कशावरून?

सपाट_रेषा
असहमत. ओळखीचं गाणं हाच मोठा सापळा आहे. तुम्ही ती मैफल वर्षानुवर्षं ज्या हेडफोनवर ऐकली, त्याची चव तुमच्या कानात बसली आहे. त्या चवीशी जुळेल तो स्पीकर तुम्हाला खरा वाटणार. शिवाय ते ध्वनिमुद्रण करणाऱ्याने तरी कुठल्या स्पीकरवर ऐकून आवाज ठरवला? ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी या गोल फिरणाऱ्या गोंधळाबद्दल सविस्तर लिहिलंय: ध्वनिमुद्रण पारखायचं स्पीकरवर आणि स्पीकर पारखायचा ध्वनिमुद्रणावर.

टूल आणि शॉन ऑलिव्ह यांचं हार्मन या ध्वनियंत्रं बनवणाऱ्या कंपनीतलं 1994 सालचं काम बघा. तेच लोक, तेच स्पीकर; एकदा समोर दिसत असताना गुण दिले, एकदा पडद्याआड. गुण बदलले. कोणत्या ध्वनिमुद्रणावर फरक नेमका पकडला जातो हेही त्यांनी तपासलं. पिंक नॉइज, म्हणजे धबधब्यासारखा सलग आवाज, आणि ट्रेसी चॅपमनचं 1988 सालचं 'फास्ट कार' हे गाणं फार उपयोगी ठरलं. कारण साधं आहे. ज्यात खर्जापासून टिपेपर्यंत सगळे नाद भरलेले असतात, त्यात स्पीकरचा दोष लपायला जागा राहत नाही. एकटा गळा आणि गिटार यांत ती भरपूर राहते, म्हणूनच दुकानदार ते लावतो.

आणि तानपुऱ्याबद्दल: काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी) गाणाऱ्या गवयाच्या तानपुऱ्याचा खर्ज साधारण 69 हर्ट्झचा. लहान स्पीकर तो धड काढत नाही, पण वरचे सहायक नाद ऐकून मेंदू मूळ स्वर भरून घेतो. खर्ज आहे असं वाटत राहतं. त्यावर बेस पारखणार कसा?

मिरजकर_वाकडी_वाट
तानपुऱ्यावर बेस पारखायचाच नाही, जवारी, म्हणजे तारेचा झणझणता नाद, पारखायची. आमच्या घरी तानपुऱ्यांची जोडी आहे. घोडीवर तारेखालचं सूत अगदी केसभर सरकवलं की जवारी खुलते आणि एकाच तारेतून वरच्या नादांची ओळ उलगडत जाते. मी घरचा तानपुरा छेडतो आणि लगेच त्याचंच केलेलं ध्वनिमुद्रण स्पीकरवर लावतो. ट्वीटर (स्पीकरमधला वरचे स्वर काढणारा भाग) तिखट असला की जवारी पत्र्यावर घासल्यासारखी येते, आणि वरचा भाग दबलेला असला की तार ओल्या कापडात गुंडाळल्यासारखी. हे कळायला मला कुठलाही आलेख लागत नाही.

आणि 'एकट्या गळ्याने काही कळत नाही' हे कसं मान्य करायचं? एमपीथ्री, म्हणजे गाणी दाबून साठवायची पद्धत, घडवताना संशोधक ब्रँडेनबुर्ग यांना अडचणीत आणलं ते सुझान व्हेगाच्या 'टॉम्स डायनर' या गाण्याने. त्यात साथीला एकही वाद्य नाही!

सपाट_रेषा
ती परीक्षा आवाज दाबून साठवण्याच्या पद्धतीची होती, स्पीकरची नव्हे. तिथे एकटा गळा कठीण जातो, कारण दोष झाकायला दुसरं काही वाजत नसतं. स्पीकर स्वतः कुठल्या स्वरावर घुमतो हे पकडायला भरगच्च आवाज लागतो. दोन वेगळे प्रश्न आहेत. पण खरं वाद्य शेजारी ठेवून तुलना करता, तेही स्वतःच ध्वनिमुद्रण करून, हे मला पटलं. त्यात गोल फिरणं बरंच तुटतं. मात्र दुकानात तानपुरा घेऊन कोण जाणार?

चष्मेवाली
तुम्ही दोघं गाण्यावर भांडताय आणि निम्मा घोळ गाण्याच्या बाहेर आहे. दोनांपैकी जो किंचित मोठ्याने वाजतो तो माणसाला चांगला वाटतो. एक डेसिबलचा फरक 'मोठा' म्हणून कळतही नाही, 'जास्त स्पष्ट' म्हणून कळतो. आधी आवाज समान करा, मग मतं द्या.

हेडफोनचं तर विचारूच नका. मी दोन वर्षं एका हेडफोनला बेस नाही म्हणून नावं ठेवली. एकदा चष्मा काढून लावला आणि डग्गा भरून आला! चष्म्याच्या काडीमुळे गादी आणि कानशील यांच्यात फट राहत होती. बंद हेडफोनमध्ये तेवढ्या फटीतून खालचा आवाज निसटतो.

जुनी_तबकडी
माझा मुद्दा वेगळा आहे. वडिलांनी जमवलेला संग्रह माझ्याकडे आहे: 78च्या तबकड्यांवरून उतरवलेलं गाणं, आकाशवाणीवरून कॅसेटवर घेतलेलं नाट्यसंगीत. मी आयुष्यभर हेच ऐकणार. 'फास्ट कार'वर उत्तम ठरलेला स्पीकर अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज खरखरीत बुडवत असेल, तर तो मी का घ्यावा? जे ऐकायचंय त्यावरच पारखावं.

सपाट_रेषा
तुमच्या संग्रहाबद्दल आदर आहे, पण हा सल्ला इतरांनी घेऊ नये असं मला कळकळीने वाटतं. 1925 च्या आधी कर्ण्यात गाऊन ध्वनिमुद्रण व्हायचं. त्यात खालचा बेस नाही, वरची झळाळी नाही. विजेवरचा माइक आल्यावरही तबकडीची खरखर राहिलीच. अशा गाण्यावर जो स्पीकर 'गोड' वाटतो त्याचा वरचा भाग पुष्कळदा बसलेलाच असतो. उद्या तुम्ही 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या तबकडीतला शिवकुमारजींचा संतूर लावाल, तेव्हा कलमाचा, म्हणजे वाजवायच्या काडीचा, तारेवरचा टोला बोथट येईल. खरखर कमी करायची तर वाजवताना ट्रेबल उतरवा. स्पीकर आधीच बोथट असेल, तर ती धार परत आणणं फार कठीण.

जुनी_तबकडी
ट्रेबल उतरवला की खाँसाहेबांच्या आवाजाची धारही जाते, ती मला हवी आहे. खरखर ऐकू येऊ दे, पण ती गळ्याच्या मागे राहावी. काही स्पीकर तसं करतात, काही ती पुढे आणून ठेवतात. म्हणून माझ्या पेनड्राइव्हमध्ये एक तबकडी राहणारच.

खर्जप्रेमी
काल पुन्हा त्याच दुकानात गेलो. बायकोला बरोबर नेलं, पाठ करून बसलो, जोड्या तिला बदलायला सांगितल्या. मोबाइलवरच्या मापकाने आवाज जमेल तेवढा समान केला. भरगच्च वाद्यमेळाचं एक गाणं लावलं, ती मैफल लावली आणि सपाट_रेषा यांच्या सांगण्यावरून पिंक नॉइजही लावला. नॉइजवर तिसऱ्या जोडीचा 'ऑ' असा नाकातला सूर लगेच कळला. गळ्यावर तो मला कधीच जाणवला नव्हता, हे मान्य करतो.

डग्ग्याने मात्र याही वेळी पहिली आणि दुसरी वेगळ्या काढल्या, पाचही वेळा. मग विक्रेत्याला विनंती करून कोपऱ्यात भिंतीला टेकलेली पहिली जोडी दोन फूट पुढे ओढायला लावली. 'धब्ब' बराचसा गेला आणि मींड वर आली. म्हणजे महिनाभर मी तिला जो दोष देत होतो, तो बराचसा कोपऱ्याचा होता.

मिरजकर_वाकडी_वाट
तुमच्या घरी भिंतीपासून दोन फूट सोडता येतील का? दुसरी जोडी कुठे ठेवली होती?

खर्जप्रेमी
दुसरी आधीपासूनच मोकळ्यावर होती. घरी जेमतेम एक फूट सुटेल. दुकानदार पहिली जोडी दोन दिवस घरी न्यायला देतोय. शनिवारी आणतो, तीच मैफल लावतो आणि इथेच लिहितो.