जॉर्जियात इंग्रजीतून डॉक्टरकी : माहितगारांनी नेमकं लिहावं

बारावीचा निकाल लागला की एजंटांचे फोन सुरू होतात. जॉर्जिया या देशातला सहा वर्षांचा कोर्स ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांनी कागद, पैसे, परीक्षा, भाषा यांबद्दल लिहावं. कौतुक-तक्रार बाजूला ठेवा, मुलांच्या उपयोगी पडेल ते लिहा.

भारतात परतून इंटर्नशिप करणारी, पुणे

सुरुवात शेवटाकडून करा. १८ नोव्हेंबर २०२१ची एनएमसीची, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची, नियमावली वाचा. किमान ५४ महिन्यांचा अभ्यास, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, माध्यम इंग्रजी आणि सगळं १० वर्षांच्या आत. नीट-यूजी पात्रता तर आधीच हवी. एक अट लोक वाचतच नाहीत: त्या देशाच्या नागरिकाला या पदवीवर प्रॅक्टिसचा परवाना मिळत असेल, तर तुम्हीही त्याच्या बरोबरीने पात्र असायला हवं. प्रवेशाआधीच विद्यापीठाकडून पत्र घ्या, आणि त्यात ५४ आणि १२ हे आकडे वेगवेगळे लिहिलेले असू द्या. 'सहा वर्षांचा कोर्स' एवढंच लिहिलेलं पत्र पुढे अपुरं पडतं.

तिथल्या पदवीवर 'एमडी' असतं. ती आपल्या एमबीबीएसच्या जागी धरायची, आपल्याकडची पदव्युत्तर एमडी नव्हे.

कागदपत्रं करून देणारा, नाशिक

महाराष्ट्र बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगळ्या रकान्यांत. इथेच घोळ होतो. पासपोर्टचं जॉर्जियन भाषांतर नोटरीकडून होतं आणि त्यात नाव ज्या अक्षरांत बसतं तेच पुढे सगळ्या कागदांवर यायला हवं. पहिल्याच भाषांतराची प्रत जपून ठेवा, दुसऱ्या नोटरीकडे गेलात तर तीच दाखवा.

बारावीच्या कागदांवर आधी राज्याचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा प्रमाणीकरणाचा शिक्का. दोन्ही देश हेग करारात असल्याने वकिलातीचा वेगळा शिक्का लागत नाही. तिथे शिक्षण गुणवत्ता केंद्राकडून बारावीला मान्यता मिळते आणि शिक्षण मंत्रालयाचा आदेश निघतो. हा आदेश म्हणजे प्रवेश. एजंटाच्या हातातलं ऑफर लेटर म्हणजे प्रवेश नव्हे, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो.

पालक, कोल्हापूर

फी स्वतःच्या बँकेतून थेट विद्यापीठाच्या खात्यात पाठवा, एजंटाच्या खात्यात नको. पैसे पाठवण्याच्या हेतूचा कोड एस०३०५. बँकेच्या स्विफ्ट अर्जात (परदेशी पैसे पाठवायचा अर्ज) शुल्काचा पर्याय 'ओयूआर' निवडा, म्हणजे सगळा आकार तुम्ही भरता. 'एसएचए' निवडलं तर मधली बँक तिचा आकार कापते, फी काही डॉलरनी कमी पोहोचते आणि खात्यावर बाकी दिसते. टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर, कापला गेला तर तो बुडत नाही; पाठवणाऱ्याच्या पॅनवर २६एएस या कराच्या पत्रकात दिसतो आणि रिटर्नमध्ये वळता होतो.

तिसऱ्या वर्षाची, त्बिलिसी

भाड्याच्या जुन्या फ्लॅटमध्ये 'कार्मा' म्हणजे गॅसचा हीटर असतो. धुराड्याची नळी बाहेर नीट निघते का ते पाहा आणि कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर लावा. या वायूला वास नसतो. डिसेंबर २०२४मध्ये जॉर्जियातल्याच गुदौरीत ११ भारतीय अशाच विषबाधेने गेले. तिथे बंद जागेत जनरेटर चालू होता. भाड्यात शंभर लारी (तिथलं चलन) वाचवण्यापेक्षा हे आधी.

परीक्षेचं गणित: एकूण ३६० क्रेडिट. १०० पैकी ५१ला पास. ४१ ते ५० म्हणजे एफएक्स. फायनलच्या निकालानंतर किमान ५ दिवसांनी आणखी एक संधी मिळते. ४० किंवा खाली म्हणजे विषय पुन्हा. तो ज्या विषयांची पूर्वअट असेल ते उघडतच नाहीत, म्हणून ॲनाटॉमी अडली की पुढची सगळी साखळी अडते. सत्रभरातले गुण यात धरतात, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात रात्री जागून भरपाई होत नाही.

शेवटच्या वर्षाचा, त्बिलिसी

वर्ग इंग्रजीत, रुग्ण जॉर्जियनमध्ये. ३३ अक्षरं पहिल्या महिन्यात शिका. मराठी माणसाला इथे खरंच सोपं जातं, कारण 'चाक'मधला च आणि 'जवळ'मधला ज या भाषेत जवळपास तसेच आहेत. रक्तदाब म्हणजे 'च्नेवा', हाड म्हणजे 'ज्वाली', दोन्ही साधारण आपल्या उच्चारानेच. 'साद गट्किवात?' म्हणजे कुठे दुखतंय? 'रा गाचुखेब्त?' म्हणजे काय त्रास होतोय? एवढं विचारता आलं तर वॉर्डात मागे उभं राहावं लागत नाही. म्हातारी माणसं पुष्कळदा रशियनही बोलतात. भाषा टाळली तर हिस्टरी घेणं, म्हणजे रुग्णाला विचारून आजाराची माहिती काढणं, शिकायचंच राहून जातं आणि ते पुस्तकातून भरून निघत नाही.

एफएमजीईची तयारी करून घेणारा, मुंबई

एफएमजीई म्हणजे परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्यांची भारतातली परवाना परीक्षा. ३०० प्रश्न, दीडशे-दीडशेचे दोन भाग, १५० गुणांना पास, चुकीला वजावट नाही. मुलं मेडिसिन-सर्जरीवर सगळा जोर देतात. गुण सुटतात ते तिथे शिकवलंच न गेलेल्या भागात. कम्युनिटी मेडिसिनला ३० गुण आणि त्यात आपले राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम, लसीकरणाचं भारतीय वेळापत्रक. फॉरेन्सिकला (न्यायवैद्यक) १०, त्यात भारतीय कायदा आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसे. जानेवारी २०२५मध्ये जॉर्जियाला मलेरियामुक्त देशाचं प्रमाणपत्र मिळालं. म्हणजे वॉर्डात मलेरियाचा रुग्ण दिसेल ही आशा नको. कम्युनिटी मेडिसिन, फॉरेन्सिक आणि मलेरियासारखे इथले आजार हे तीन भाग चौथ्या वर्षापासून रोज अर्धा तास भारतीय पुस्तकांतून करा, आणि सुट्टीत गावी आलात की प्राथमिक आरोग्य केंद्रातली नोंदवही कशी भरतात ते बघून या.

इंटर्नशिपचं लॉगबुक विभागवार सही-शिक्क्यासह, देश सोडण्याआधीच. नंतर ईमेलवरून शिक्का मिळवताना महिने जातात.