टेलविंड ४: जुन्या पायऱ्या का अडतात

टेलविंड म्हणजे तयार क्लासची नावं लिहून वेबपेज सजवायचं सीएसएस फ्रेमवर्क. ते बसवताना कॉन्फिग (सेटिंगची) फाइल बनवणारी ‘इनिट’ कमांड एरर का देते, असा प्रश्न आहे. ती आता चालणारच नाही. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत ती राहिलेली नाही. नेटवरचे बरेच लेख मात्र अजून तिसरीच्याच पायऱ्या सांगतात. व्हीट (वेब प्रोजेक्ट बांधायचं बिल्ड टूल) वापरत असाल तर टेलविंडचं प्लगिन जोडा आणि मुख्य सीएसएस फाइलमध्ये टेलविंड इम्पोर्ट करा. झालं! वेगळी कॉन्फिग फाइल लागत नाही. रंग-फॉन्ट त्याच सीएसएसमध्ये ‘थीम’ ब्लॉकमध्ये लिहायचे.

खरी डोकेदुखी पुढे आहे. टेलविंड तुमचा कोड चालवून बघत नाही, नुसता मजकूर म्हणून वाचतं. बॅकग्राउंडचं ‘बीजी’, रंगाचं नाव आणि छटेचा ‘५००’ असे तुकडे जोडून क्लास बनवलात, तर ते नाव फाइलमध्ये सलग कुठेच सापडत नाही आणि त्याचं सीएसएस तयार होत नाही. एररही येत नाही, बटण फक्त बिनरंगाचं दिसतं. म्हणून एका ऑब्जेक्टमध्ये ‘यशस्वी’, ‘धोका’ अशा प्रत्येक प्रकारासमोर क्लासचं पूर्ण नाव लिहून ठेवा. नोड मॉड्यूल्स (बसवलेली पॅकेजेस ठेवणारा फोल्डर) यातल्या लायब्ररीचे क्लास गायब असतील, तर कारण हे, की तो फोल्डर टेलविंड आपणहून वाचत नाही. सीएसएस फाइलमध्ये ‘सोर्स’ डायरेक्टिव्हने (टेलविंडला दिलेल्या सूचनेने) त्या लायब्ररीचा पाथ द्या.