तात्यांच्या पानाचा मसुदा: दुरुस्त्या हव्यात

प्रेषक: कार्यवाह, स्मरणिका समिती

सप्रेम नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात कोल्हापुरात उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीतले तात्या गेले. आपल्या मंडळातल्या निदान सात-आठ घरांचं त्यांच्याशी नातं, नाहीतर त्यांच्या कारखान्याशी. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत त्यांच्यावर एक पान द्यायचं ठरलं आहे. मसुद्याची सुरुवात अशी केली आहे: ‘प्रसिद्ध इंजिन कारखानदार, दानशूर आणि कुटुंबवत्सल व्यक्तिमत्त्व’. जाणकारांनी दुरुस्त्या कळवाव्यात. सोबतच्या फोटोत ते लेडल (वितळलेला धातू ओतायचं भांडं) हातात धरून उभे आहेत. तोच छापू.

प्रेषक: फाउंड्रीवाले काका

कार्यवाह साहेब, नमस्कार.

पहिल्याच ओळीत चूक आहे. तात्या इंजिन कारखानदार नव्हते. उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनत तेव्हा अख्खं इंजिन एका छपराखाली क्वचितच व्हायचं. कुणी ओतायचं, कुणी लेथवर घ्यायचं, कुणी जोडायचं. तात्या ओतणारे. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं काम: फ्लायव्हील, पुली, पंपाचं केसिंग, आणि दसऱ्याच्या आधी गुऱ्हाळांच्या चरकाचे रोलर. ‘ओतकामवाले’ लिहा. त्यांना तो शब्द कमी वाटला नसता, तुम्हाला वाटत असेल तर माहीत नाही.

आता त्यांचं काम चांगलं होतं म्हणजे काय, तेही पानात यावं.

पॅटर्नपासून, म्हणजे ज्याच्यावरून वाळूत साचा उठवतात त्या लाकडी नमुन्यापासून. बीड थंड होताना आकसतं, साधारण शेकडा एक. मिस्त्रींच्या भाषेत फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून पॅटर्नवाल्याची फूटपट्टीच मुळी मोठ्या आखणीची असते. त्याशिवाय लेथवर घासायला मटेरियल सोडावं लागतं ते वेगळं. नवशिके यातलं एक धरतात, दुसरं विसरतात. तात्या पॅटर्न आला की आधी लाकूड बघायचे. ओलं सागवान वापरलेलं असेल तर परत. पावसाळ्यात तो पॅटर्न फुगतो आणि साच्यातून निघताना कड ओरबाडतो.

मग वाळू. सिलिका वाळू, शेकडा सहा ते आठ बेंटोनाइट (वाळू धरून ठेवणारी माती), तीन ते पाच कोळशाची पूड, आणि पाणी तीन-चार टक्के. पाण्याचा हिशेब मुठीत कळतो. मूठ दाबून उघडली की बोटांचे ठसे स्वच्छ उमटले पाहिजेत आणि गोळा मोडला तर दोनच तुकडे व्हावेत. हाताला चिकटला तर पाणी जास्त, मग ओतताना वाफ धातूत शिरते आणि आत पोकळ्या राहतात. भुरभुरला तर साच्याची कड धुपून वाळू कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या वस्तूत जाते. कोळशाची पूड महाग म्हणून कमी टाकणारे पुष्कळ. तिचं काम असं की धातू लागल्यावर ती जळून वायू तयार करते आणि त्या वायूमुळे वाळू बिडाला भाजून चिकटत नाही. पुडीत वाचवलेले पैसे फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायच्या मजुरीत दुपटीने जातात. तात्यांच्याकडे बेंटोनाइट आणि पूड मापट्याने मोजून पडायची, अंदाजाने फावडं मारलेलं चालत नसे.

त्यांच्या पुल्या ओळखू यायच्या त्या आऱ्यांवरून. मोठ्या पुलीचे आरे सरळ न ठेवता वाकडे, इंग्रजी एस अक्षरासारखे. शोभेसाठी केलंय असं बघणाऱ्याला वाटतं. कारण वेगळं आहे. आरे पातळ, ते आधी थंड होतात. तुंबा, म्हणजे मधला भाग, जाड, तो मागून आकसतो आणि आऱ्यांना आत ओढतो. सरळ आऱ्याला ही ओढ सोसत नाही, तो तडकतो, आणि कधी कधी तडकत नाही पण ताण आत धरून बसतो. मग सहा महिन्यांनी पट्ट्याच्या एका झटक्यात तुटतो. वाकडा आरा किंचित उलगडतो आणि ओढ घेतो. तरीही मोठी पुली साच्याच्या पेटीतून रात्रभर काढायची नाही. गिऱ्हाईक दारात टेम्पो लावून बसलं तरी नाही.

कुपोला, म्हणजे बीड वितळवायची उभी भट्टी, आठवड्यातून दोनदा लागायची. सकाळी तळाचा कोक पेटवायचा, तो लालभडक झाल्यावर ब्लोअर. मग थरावर थर: कोक एक भाग तर लोखंड सात-आठ भाग, त्यात पिग (कच्चं लोखंड), भंगार आणि आपलेच मोडके रनर-रायझर (साच्याच्या वाटांत गोठलेलं जादा बीड), आणि चुनखडी कोकच्या पावपट. पहिलं येणारं लोखंड थंड असतं. ते पातळ कामाला वापरलं तर धातू कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत गोठतो. तात्या ते काउंटरवेटांत, म्हणजे वजनाच्या ठोकळ्यांत ओतायचे. नंतर पाचरीचा नमुना: वाळूत छोटी पाचर ओतायची, थंड करून मोडायची आणि टोकाला पांढरं किती आलं ते बघायचं. पांढरं जास्त तर बीड कडक, लेथवाल्याचं टूल खाणार. मग लेडलमध्ये टनाला दोन-तीन किलो फेरोसिलिकॉन, हा कडकपणा कमी करायला. त्याचा गुण दहा-पंधरा मिनिटांत उतरतो, म्हणून ती लेडल घेऊन गप्पा मारत उभं राहायचं नाही.

शेवटी तळाची दारं उघडून उरलेला निखारा खाली पाडायचा. खालची जमीन कोरडी हवी, कोरडी वाळू पसरलेली. ओल असेल तर वितळलेल्या धातूखाली वाफ कोंडते आणि स्फोट होतो. लेडलचं अस्तर न भाजता वापरलं तरी तेच. ही दोन कामं तात्या कुणावर सोपवत नसत. भट्टीच्या दिवशी घरचं लग्न असेल तर मुहूर्ताला अक्षता टाकून परत.

प्रेषक: तात्यांची भाची

काका, इंजिनाची चूक काढलीत, बरं झालं. माझा आक्षेप ‘दानशूर’ला आहे.

तात्यांनी दान फारसं केलं नाही. त्यांनी हिशेब ठेवले. त्यांच्या वह्या सध्या माझ्याकडे आहेत, त्यांतलं सांगते.

चरकाचे रोलर: गुऱ्हाळवाला जुना झिजलेला रोलर आणायचा. तो वजन करून भंगाराच्या भावाने वजा. उरलेली रक्कम हंगाम संपून मार्केट यार्डात गूळ विकला गेला की पाडव्याला. व्याज नाही. ज्या वर्षी साखर कारखाने उसाला चांगला दर देतात त्या वर्षी ऊस तिकडे जातो, गुऱ्हाळं थंड पडतात आणि बाकी अडकते. अशा वेळी बाकी पुढच्या पाडव्यावर. पण निम्मी फिटेपर्यंत नवा रोलर मिळायचा नाही, जुन्यावर खाचा पुन्हा पाडून मिळायच्या. म्हणजे त्याचं गुऱ्हाळ चालू राहायचं आणि कर्ज वाढायचं नाही. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, दान म्हणू नका.

भिशी: वीस जण, महिन्याला हजार. पहिले दोन नंबर चिठ्ठीत नाहीत, ज्याच्या घरी लग्न किंवा दवाखाना त्याला. बाकीच्या चिठ्ठ्या. तात्यांचा नंबर कायम विसावा. भिशी कळणाऱ्याला यात सगळं कळेल. कुणी मधेच भरायचं थांबलं तर फटका शेवटच्याला बसतो. दोन वर्षं त्यांच्या हातात पुरते वीस हजार पडलेले नाहीत, वहीत तसं आहे. कुणाचे राहिले ते नाव मात्र लिहिलेलं नाही.

नातेवाईक: भाचे-पुतणे कामाला घेतले, पण सगळे आधी वाळूवर, मग कोरवर (पोकळ भागासाठी साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा), मग काट्यावर. हजेरी त्याच मस्टरवर, पगार तोच. कामगाराला तीन पगारांपर्यंत उचल मिळायची, नातेवाइकाला एकच. शिक्षणाचे पैसे कधी कुणाच्या हातात दिले नाहीत, थेट फीच्या खिडकीवर भरले. यावरून दोन घरं अनेक वर्षं रुसलेली होती. ‘कुटुंबवत्सल’ लिहायचंच असेल तर हे धरून लिहा.

ग्रॅच्युइटी: १९७२ चा कायदा दहा किंवा जास्त माणसांच्या कारखान्याला लागू होता. म्हणून मस्टरवर नऊच माणसं दाखवायची वहिवाट बऱ्याच ठिकाणी होती. शिवाय एकदा लागू झाला की पुढे माणसं दहाच्या खाली आली तरी तो सुटत नसे, हे कित्येक मालकांना ठाऊकच नसायचं. सूत्र सोपं आहे: शेवटचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. तेरा हजार पगार आणि वीस वर्षं म्हणजे दीड लाख. एकदम दीड लाख काढायचे म्हटलं की छोट्या मालकाचा घाम निघतो आणि मग माणसाला हक्क लागायच्या आत, चार वर्षांतच घालवायची युक्ती सुचते. तात्या दर महिन्याला पगाराच्या ४.८ टक्के वेगळ्या खात्यात टाकत. १५ भागिले २६ भागिले १२ करून बघा, तेवढेच येतात. त्या खात्याची वही वेगळी आहे: नाव, रुजू तारीख, खातं (कामाचा विभाग) कुठलं, गेल्याची तारीख, रक्कम, सही किंवा अंगठा.

आणि २०१९ चा पूर. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर ५५ च्या वर गेली. शहराला पाणी देणारे पंपच बुडाले, त्यामुळे चहूकडे पाणी आणि नळ कोरडे. कारखान्याच्या बोअरला जनरेटर लावून पाइप रस्त्यावर काढला होता. महामार्ग शिरोलीजवळ बंद, डिझेल येईना, म्हणून सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास, वेळ पाटीवर लिहिलेली.

त्याहून मोठं काम पाणी उतरल्यावर झालं, आणि ते कुठे छापून आलेलं नाही. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, चिखली, आंबेवाडी इथल्या बुडालेल्या मोटरी. लोक घाईने बटण दाबतात आणि वाइंडिंग जळतं. तात्यांनी कोर ओव्हन मोटरी वाळवायला दिला. मोटर उघडायची, गोड्या पाण्याने गाळ धुवायचा, बेअरिंग काढून टाकायचं आणि ९० अंशांच्या आसपास पूर्ण दिवसभर ठेवायचं. एरवी हा ओव्हन तेलाच्या कोरसाठी दोनशेच्या वर चालतो, तेवढं तापवलं तर आतल्या ओलीची वाफ होऊन इन्सुलेशन फाटतं. मग मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासणी, एक मेगओहमच्या खाली असेल तर परत ओव्हनमध्ये. नवं बेअरिंग, नवं ग्रीस, मग वीज. क्रम ठरलेला: पिठाच्या गिरण्या पहिल्या, मग पाण्याच्या मोटरी, कारखानदारांच्या शेवटी. त्यांच्या स्वतःच्या व्याह्यांची मोटर अकराव्या दिवशी लागली.

प्रेषक: डॉक्टर ताई

सर्वांना नमस्कार. सगळं वाचलं. एक गोष्ट राहिली आहे आणि ती कुणी काढणार नाही असं दिसतं, म्हणून मी काढते.

वाळू. काकांनी जिचं इतकं नेमकं वर्णन केलं तीच सिलिका. पेटी फोडताना आणि फेटलिंगला जी बारीक धूळ उडते ती डोळ्यांना दिसतही नाही आणि फुप्फुसात जाऊन बसते. पंधरा-वीस वर्षांनी धाप लागते. एक्स-रेवर वरच्या भागात बारीक गोल ठिपके दिसतात. ते क्षयासारखे वाटतात आणि मग नुसत्या क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. गुंता असा की सिलिकोसिस झालेल्याला क्षयही लवकर होतो, म्हणून दोन्ही तपासावं लागतं. सिलिकोसिसवर औषध नाही. धुळीतून बाहेर काढणं आणि क्षय वेळेत पकडणं, एवढंच हातात असतं. कायद्याने नोंदवायच्या कामाच्या आजारांच्या यादीत हा आजार आहे, पण नोंद व्हायला आधी डॉक्टरने ‘काम काय करत होता?’ हे विचारायला हवं.

तात्यांनी पुढे हाताचं फेटलिंग बंद करून शॉट ब्लास्टिंगचं (बारीक छर्रे मारून माल साफ करायचं) बंद यंत्र घेतलं, पेटी फोडायच्या जागी पाणी मारायची सक्ती केली. मास्क दिले, ते भट्टीच्या उष्म्यात घामाने भिजून खुंटीला लटकले, हेही खरं. पण हे सगळं यायच्या आधीची माणसं आहेत. स्मरणिकेसोबत जे पैसे गोळा होतील त्यांचं चांदीचं मानचिन्ह करू नका. त्या जुन्या मोल्डर (साचे करणारे) आणि फेटलरांचे छातीचे एक्स-रे, फुंकून करायची फुप्फुसाची चाचणी आणि थुंकीची तपासणी करू. कामाचा इतिहास लिहिलेला कागद प्रत्येकाच्या हातात द्यायचा, कारण भरपाई मागायला तोच लागतो.

प्रेषक: एक आजीव सभासद

ताई, तुमचा हेतू चांगला आहे. पण माणूस जाऊन महिना झाला आहे. श्रद्धांजलीच्या पानावर धूळ आणि आजार? घरच्यांना काय वाटेल?

प्रेषक: तात्यांची भाची

काका, घरचीच बोलते आहे. वाईट वाटलं, खोटं सांगणार नाही. ताईंचं पत्र आल्यावर वही उघडून बसले.

ग्रॅच्युइटीच्या वहीत ‘खातं’ नावाचा रकाना आहे ते वर लिहिलंच. मोल्डिंग आणि फेटलिंगमधून दहा वर्षांच्या वर काम करून गेलेले एकतीस जण निघतात. रुजू तारीख, गेल्याची तारीख, गाव, सही. ताईंना जो कामाचा इतिहास हवा आहे तो जवळजवळ लिहून ठेवलेला आहे. पाच जण वारले, ते आम्हाला माहीत आहे. उरलेल्यांची गावं वडणगे, चिखली, गांधीनगर, दोन गडहिंग्लजकडची. यादीचे फोटो ताईंना वेगळे पाठवते, इथे सगळ्यांसमोर नको, त्यांत लोकांची नावं आहेत. एक्स-रे एका दिवसात उरकायचे नाहीत. धाप लागणारा माणूस दोन एसट्या बदलून येणार नाही, तिघा-तिघांसाठी गाडी करावी लागेल. त्याचा खर्च पहिल्यांदा धरा.

पानात हे घाला. शॉट ब्लास्टिंगचं यंत्र कुठल्या वर्षी आलं ते खरेदीच्या पावतीवरून बघून कळवते, म्हणजे त्याच्या आधीचे आणि नंतरचे वेगळे करता येतील.

आणि कार्यवाह दादा, फोटोखालची ओळ बदला. त्यांच्या हातात लेडल नाही, ती मोडलेली पाचर आहे. उजेडाकडे धरून पांढरं किती आलं ते बघतायत.