जंगल वाचवायचं म्हणजे आतल्या माणसांना बाहेर काढायचं का?

पाऊसवेडी: मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकात अ‍ॅमेझॉन म्हणजे झाडं, साप, पोपट, माणसं एका ओळीत संपली. तिने विचारलं की ती लोकं शिकार करतात, झाडं तोडून शेती करतात, मग जंगलाला त्यांचा त्रासच ना? मला उत्तर देता आलं नाही. कुणी सांगेल का?

रानवाट: इक्वाडोर देशातल्या अ‍ॅमेझॉन जंगलात राहणाऱ्या वाओरानी आदिवासींचं सांगा तिला. सरकारने त्यांचं जंगल तेल कंपन्यांसाठी लिलावाला काढलं होतं, कागदावर त्या तुकड्याचं नाव काय तर ब्लॉक २२. मग ह्यांनी गावोगाव स्वतःचा नकाशा केला, त्यात जग्वारच्या वाटा, औषधी झाडं, मासे कुठल्या डोहात मिळतात, धबधबे, पूर्वी लढाया झाल्या त्या जागासुद्धा. मग कोर्टात गेले. तिथे धड दुभाषा नव्हता तर बायकांनी गाणी म्हणत सुनावणीच थांबवली! एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या पुयो शहरातल्या कोर्टाने निकाल दिला की २०१२ ला तेल काढण्यासाठी तुमची संमती घेतली ती नीट घेतलीच नव्हती, आणि सुमारे ५ लाख एकर जंगल वाचलं. वाओरानींच्या पुढारी नेमोंते नेंकिमो ह्या लढ्यात पुढे होत्या. मला तरी वाटतं त्या जंगलाला राखणदार मिळालेत ते हेच.

आडगाव: बरोबर आहे पण सगळं इतकं सरळ नाही हो. घरामागे युका (कसावाचा कंद), केळी लावायची, काही वर्षांनी ती जागा सोडून द्यायची, जंगल परत चढतं, ह्याने काही बिघडत नाही. बिघडवतो तो रस्ता. १९९० च्या दशकात इक्वाडोरच्याच यासुनी राष्ट्रीय उद्यानात तेलासाठी मॅक्सस कंपनीचा रस्ता झाला आणि पूर्वी घरापुरती शिकार करणारे तेच वाओरानी रानडुकरांचं मांस पोम्पेया गावच्या बाजारात विकायला न्यायला लागले. ऑगस्ट २०२३ मध्ये यासुनीतल्या ब्लॉक ४३ चं तेल जमिनीतच ठेवायचं का यावर देशभर मतदान झालं, साधारण ५९ टक्के लोक हो म्हणाले, पण जिथे तेल निघतं त्या ओरेयाना प्रांतात ‘नाही’ म्हणणारे जिंकले. शाळा, दवाखाना, नोकरी सगळं तेलावर, त्यांना शिव्या घालून कसं चालेल.

पाऊसवेडी: रस्त्याचं डोक्यातच आलं नव्हतं. आणि जे बाहेरच्यांना भेटतच नाहीत त्यांचं काय?

रानवाट: तागाएरी आणि तारोमेनाने ह्या तशा दोन जमाती, त्याच यासुनीत राहतात. त्यांना मतदान झाल्याचंही माहीत नसणार, म्हणून तर तिथली प्रत्येक तेलविहीर बंद व्हायला हवी, आणि ते काम फार म्हणजे फारच हळू चाललंय.