हॉलमध्ये बोललेलं कळत नाही : स्पीकरचा ठराव घेण्याआधी

सेक्रेटरी: नमस्कार. मीटिंगमध्ये मागच्या रांगांना काही कळत नाही, ही तक्रार सलग तिसऱ्यांदा आली आहे. साउंडवाल्यांनी चार मोठे स्पीकर सुचवलेत. कोणाची हरकत नसेल तर रविवारी ठराव घेऊ.

फ्लॅट ४०२: साहेब, ठराव जरा थांबवाल का? काल रात्री हॉलची चावी घेतली ती याचसाठी. आरईडब्ल्यू, म्हणजे रूम ईक्यू विझार्ड या मोफत सॉफ्टवेअरने मी हॉल मोजला. दोष स्पीकरचा नाही, हॉलचा आहे.

फ्लॅट २०१ काका: मोजला म्हणजे काय केलंस, अगं? टाळी वाजवली की टर्रर्र होतं, एवढं मीही सांगू शकतो.

फ्लॅट ४०२: काका, टाळी खरंच बोलते. ते टर्रर्र आलेखात स्पष्ट दिसतंय, दर ४७ मिलिसेकंदांनी एक टोक. समोरासमोरच्या दोन भिंतींत ८ मीटर अंतर आहे. जाऊन येऊन १६ मीटर, आणि आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. भागाकार करून बघा.
पण टाळी दर वेळी वेगळी पडते आणि तिच्यात खालचे सूर जवळजवळ नसतात. म्हणून स्पीकरमधून २० हर्ट्‌झपासून २०,००० हर्ट्‌झपर्यंत चढत जाणारा एकच सूर वाजवायचा, त्याला स्वीप म्हणतात. माइक तो ऐकतो. काय पाठवलं आणि काय परत आलं, यावरून हॉलने त्यात काय भर घातली ते सॉफ्टवेअर काढतं.

फ्लॅट ३०४: काल रात्री पंखे बंद करून शिट्टीसारखा आवाज येत होता तो हाच का?

फ्लॅट ४०२: हो ताई, ती चाचणी होती. त्रास झाला असेल तर माफ करा. पंखा चालू असला की सूर विरतानाची शेवटची बारीक घसरण त्याच्या आवाजात बुडते. मोजणीचा माइक बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, सव्वा मीटरवर ठेवला. सहा जागा घेतल्या. एकाच जागेवर विसंबलं तर फसगत होते, दोन पावलं सरकलं तरी खालच्या सुरांचा आलेख पार बदलतो.
मोबाइलचा माइक मुद्दाम टाळला. तो स्वतःच आवाज कमीजास्त करत बसतो.

सेक्रेटरी: निष्कर्ष काय?

फ्लॅट ४०२: आवाज बंद केल्यावर तो ६० डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ आपल्या रिकाम्या हॉलमध्ये २.४ सेकंद आहे. (एवढी घसरण शांततेत मिळत नाही, म्हणून ३० डेसिबलची बघून वेळ दुप्पट धरतात.) भाषणासाठी एवढ्या हॉलला १ सेकंदाच्या आसपास हवा. आपल्याकडे आवाज विरेपर्यंत वक्ता दहाबारा अक्षरं पुढे गेलेला असतो आणि मागची अक्षरं त्यांच्यावर सांडत राहतात. मोठा स्पीकर लावला की शब्दही मोठे आणि घुमणंही तेवढंच मोठं. मागच्या रांगेच्या पदरात काहीच पडत नाही.

फ्लॅट ५०१: इक्वलायझरने बास कमी करून चालणार नाही?

फ्लॅट ४०२: थोडा फरक पडेल. पण इक्वलायझर स्पीकरमधून काय निघावं ते ठरवतो. भिंतींनी ते किती वेळ धरून ठेवावं हे त्याच्या हातात नाही.

फ्लॅट २०१ काका: माझा एक प्रश्न राहतोच. कार्यक्रमाला हॉल भरला होता तेव्हा मला मागे बसून सगळं नीट ऐकू आलं. मग हॉल वाईट कसा?

फ्लॅट ४०२: काका, यातच खरी मेख आहे. हॉल १२ × ८ × ३.२ मीटर, म्हणजे ३०७ घनमीटर. वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्रज्ञाचं सूत्र: घनफळाला ०.१६१ने गुणायचं, शोषणाने भागायचं. २.४ सेकंद म्हणजे सगळा हॉल मिळून शोषण जेमतेम २० चौरस मीटर, म्हणजे आवाज पूर्ण गिळणाऱ्या तेवढ्या पृष्ठभागाइतकं. बसलेला माणूस साधारण अर्धा चौरस मीटर शोषतो. ४० माणसं आली की शोषण दुप्पट, वेळ सव्वा सेकंदावर. मीटिंगला आपण बारा जण असतो.

फ्लॅट ३०४: म्हणजे माणसांऐवजी दुसरं काहीतरी शोषायला ठेवायचं.

फ्लॅट ४०२: अगदी तेच, ताई! सॅबिन हार्वर्डमध्ये शिकवायचे. १८९५च्या सुमारास तिथल्या एका व्याख्यानगृहात आवाज साडेपाच सेकंद घुमायचा. त्यांनी जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून ठेवल्या आणि ऑर्गनची नळी व घड्याळ घेऊन वेळ मोजला. या विषयाची सुरुवातच गाद्यांपासून झाली.

फ्लॅट ५०१: पातळ फोम चिकटवू या का? तो सहज मिळतो.

फ्लॅट ४०२: नको. पातळ फोम फक्त वरचे सूर खातो, मग आवाज कोंदट होतो आणि घुमणं राहतंच. खालच्या, १०० हर्ट्‌झच्या सुराची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, तिला पातळ थर पुरत नाही. शिवाय साधा फोम पेटतो. सार्वजनिक हॉलमध्ये मी तो लावू देणार नाही. कापडात गुंडाळलेल्या ५ सेंटीमीटर रॉकवूलच्या (दगडी लोकरीच्या) पाट्या लावायच्या, मागे तेवढीच पोकळी सोडून. साधारण ३५ चौरस मीटर लागतील, आणि छतच ९६ आहे.

सेक्रेटरी: हिशेब पटतो. पण सभासदांना कानाने पटलं पाहिजे.

फ्लॅट २०१ काका: मग सॅबिनसारखंच करू. शनिवारी रात्री प्रत्येकाने घरची एकेक गादी खाली आणा. माझ्या दोन.

(रविवार, सकाळी)

फ्लॅट ४०२: बारा गाद्या भिंतींना टेकवल्या, तेच स्पीकर, त्याच सहा जागा. २.४वरून १.४ सेकंद. टर्रर्र गेलं. दोन्ही आलेख ग्रुपवर टाकलेत.

फ्लॅट ३०४: माइक न घेता काकांनी मागच्या मीटिंगचं इतिवृत्त वाचलं. मी शेवटच्या रांगेत, दाराशी होते. एक शब्द चुकला नाही.

सेक्रेटरी: स्पीकरचा ठराव मागे घेतो. छताच्या पाट्यांची मापं ४०२ने द्यावीत. गाद्या कोणाच्या कुठल्या, ते दुपारपर्यंत ओळखून न्या.