उच्च रक्तदाब, हार्ट फेल्युअर आणि सीकेडी (मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार): कोड एकत्र द्यावा की वेगवेगळे?

प्रश्न (नवी_कोडर_इंदूर):
नमस्कार. मी इंदूरच्या विजयनगरमधील एका कार्यालयात अमेरिकी रुग्णालयांच्या चार्टचे कोडिंग (निदानांना ठरावीक कोड देण्याचे काम) करते. एका डिस्चार्ज समरीत उच्च रक्तदाब, ‘ॲक्यूट ऑन क्रॉनिक डायस्टॉलिक हार्ट फेल्युअर’ आणि सीकेडी ही निदाने वेगवेगळ्या ओळींवर आहेत; त्यांचा परस्परसंबंध डॉक्टरांनी कुठेही लिहिलेला नाही. तो मी गृहीत धरावा का? सीकेडीची स्टेजही दिलेली नाही, पण रक्ताच्या अहवालात ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) ३८ आहे. त्यावरून स्टेज ३बी लावता येईल का?

उत्तर १ (चार्ट_ऑडिटर):
संबंध गृहीत धरा, स्टेज मात्र धरू नका. आयसीडी-१०-सीएमच्या (आजारांच्या कोडची अमेरिकी आवृत्ती) मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, डॉक्टरांनी संबंध नसल्याचे स्पष्ट लिहिले नसेल, तर उच्च रक्तदाबाचा हार्ट फेल्युअरशी आणि सीकेडीशी संबंध मानला जातो. त्यामुळे येथे आय१० (फक्त उच्च रक्तदाब), आय११ (त्यासोबत हृदयविकार) किंवा आय१२ (त्यासोबत सीकेडी) यांपैकी काहीही न देता तिन्हींचा एकत्रित कोड आय१३.० द्यावा आणि त्यानंतर आय५०.३३ (हार्ट फेल्युअरचा प्रकार) व एन१८.९ (स्टेज न दिलेला सीकेडी) जोडावेत. रुग्ण हार्ट फेल्युअरसाठीच दाखल झाला असला, तरी आय५०.३३ पहिला येत नाही.

ईजीएफआर ३८ हा आकडा ३बीच्या ३० ते ४४ या मर्यादेत बसतो, हे खरे. पण निदान डॉक्टरांनीच लिहायला हवे. सीकेडी म्हणण्यासाठी बिघाड किमान तीन महिने टिकलेला असावा लागतो, आणि हार्ट फेल्युअरने दाखल झालेल्या रुग्णाचे क्रिएटिनिन (ज्यावरून ईजीएफआर काढतात) त्या आजारामुळेच तात्पुरते वाढलेले असू शकते. म्हणून डॉक्टरांना क्वेरी (लेखी विचारणा) पाठवा. उत्तरात ३बी आले तर एन१८.३२ द्या, स्टेज ५ किंवा ईएसआरडी (मूत्रपिंडाच्या आजाराची अंतिम अवस्था) आले तर आय१३.० ऐवजी आय१३.२ लागेल.

उत्तर २ (रेकॉर्ड_विभाग):
मी इंदूरमध्येच एका रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात आहे. आमच्याकडे जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-१० वापरतात आणि तिच्यात आय१३.२ म्हणजे हार्ट फेल्युअर व रीनल फेल्युअर (मूत्रपिंड निकामी होणे) दोन्ही असलेला उच्च रक्तदाबजन्य आजार. सीकेडीच्या स्टेजवरून तेथे विभागणी नाही. दोन्हीकडे काम करणाऱ्यांनी कोड पाठ करण्यापेक्षा आपली आवृत्ती उघडून पाहावी, असे मला कळकळीने वाटते.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. याच चार्टमध्ये एकेआयचाही (मूत्रपिंडाला अचानक झालेली इजा) उल्लेख आहे. तोही आय१३ मध्येच धरला जाईल का?

उत्तर ३ (चार्ट_ऑडिटर):
नाही. मूत्रपिंडाच्या आजारांत उच्च रक्तदाबाशी गृहीत धरलेला संबंध सीकेडीपुरताच आहे. एकेआयचे कारण नमूद नसेल तर एन१७.९ स्वतंत्रपणे द्या. क्वेरीत ‘३बी आहे ना?’ असे विचारू नका, कारण त्यातून उत्तर सुचवले जाते. आधीच्या तपासण्यांमधील ईजीएफआर तारखांसह लिहा, ‘आपल्या वैद्यकीय मतानुसार सीकेडीची स्टेज नमूद करावी’ असे विचारा आणि ‘ठरवता येत नाही’ हा पर्यायही ठेवा.